बारा शंखांचा सरडा

"मंगे, डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत मला तुमच्याकडचा तो महाकाय सरडा बघायचाय."

मालवणहून ताईचा फोन आला आणि मी उडालेच. वीस वर्षं चंद्रपुरात राहून सिरोंच्याजवळचे डायनासोरचे अवशेष मी स्वतःच पाहिले नव्हते! ताई निवृत्त विज्ञान शिक्षिका, समुद्री गोगलगायींची वेडी. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने सगळं धूसर, आणि डॉक्टर खात्री देत नव्हते. आली ती टॉवेलात गुंडाळलेला शंख घेऊन. म्हणे, "सरड्याशेजारी माझी गोगलगाय ठेवून बघू."

पहाटेच निघालो. गोंडपिपरीला तर्री-पोहे, ताईने तर्री दोनदा मागितली आणि नाक पुसत हसली. आष्टीवरून आलापल्ली. पेट्रोल तिथेच भरा, पुढे नुसता साग आणि खड्डे. वाटभर आमचं भांडण.

"वजन बघ माझ्या सरड्याचं!"

"तो संपला की गं. माझी अजून सरपटतेय."

जीवाश्म उद्यानातले चौकीदारभाऊ आरमोरीचे. ताईची नजर ओळखून म्हणाले, "खऱ्याले हात नाई लावता येत बाई. हे मांडीचं हाड प्लास्टरचं हाय, मापानं तेवढंच. याले लावा."

ताईने चक्क शंखाने हाड मोजायला घेतलं. पाचव्याला शंख घसरला, पुन्हा पहिल्यापासून! शंख संपेल तिथे भाऊ खुणेला बोट ठेवून बसले. मोहफुलांची टोपली घेतलेली एक बाई थबकली.

"काऊन जी, काय मोजून राह्यले?"

"सरडा किती शंखाचा हाय, ते," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

बारा भरले. ताईने हाडाला गाल टेकला. "केवढा गं! आता नाही दिसलं तरी चालेल मला."

तेवढ्यात टोपलीवाली म्हणाली, "वाजवा न एकडाव!"

ताईने शंख फुंकला. झाडावरची माकडं पळाली. मग माझी पाळी. गाल फुगवून फुंकलं, तर नुसतं फुस्स! चौघंही पोट धरून हसलो.

सिरोंच्यात खोली आधी सांगून ठेवा. नदीचे मासे आणि भात मात्र दोन दिवस पोटभर मिळाला.

ताई मालवणला परतली, ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी ताईला हाडापाशी भाऊंनी काढलेला आमचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"हाड हातांनी पाहिलं होतं गं," ती म्हणाली. "तू एवढी हसत होतीस, ते आत्ता दिसलं."