डोक्याशी बसणारा माणूस

आमच्या मंडळाकडे एकच गाडी आहे, आणि तिच्यात बसायची हौस कोणालाच नसते. सुरतेत वारलेल्या माणसाला खानदेशातल्या त्याच्या गावी पोचवायचं, एवढंच तिचं काम. माणूस जन्मभर इथे उधन्यातल्या कापडाच्या लूमवर खपला तरी त्याला अग्नी मात्र गावच्या नदीकाठी द्यायचा, अशी आमच्या लोकांची रीत. दोन वर्षांपूर्वी देणगीदार आटले, गाडीचं इंजिन बसलं आणि ती गॅरेजात पडून राहिली. त्या काळात एका बाईला नवऱ्याचं सगळं इथेच उरकावं लागलं. गावाकडच्या म्हाताऱ्या आईला लेकाचं तोंड व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते मी उभा राहून पाहिलं आणि ठरवलं, जुने देणगीदार परत आणायचे आणि गाडी चालू करायची. मंडळाचा चिटणीस मी. दुसरं कोण जाणार?

यादी काढली, छापील पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग चिडून पावतीपुस्तक काखेत मारलं आणि डिंडोलीला निघालो. पहिलंच घर किराणा दुकानवाल्या अण्णांचं. दर कानबाईच्या सणाला न मागता देणारा माणूस, एकाएकी बंद झाला होता. मी मनात बडबडत होतो, गरज सरो वैद्य मरो! तीन वर्षांपूर्वी यांची बायको आमच्याच गाडीतून गावी गेली, तीही फुकट, आणि आता साधी ओळख नाही.

अण्णांनी पाणी दिलं. मी पत्र पुढे केलं. ते त्यांनी वाचलंही नाही.

"भाऊ, तुम्हनी गाडी उनी. तुम्ही मातर उनात नही."

"मी आलो नाही, पण ड्रायव्हर आला होता ना," मी म्हटलं.

मग ते शांतपणे सांगत राहिले. स्ट्रेचरचा पट्टा तुटलेला होता. नवापूरच्या पुढे रस्ता खराब, आणि प्रत्येक खड्ड्याला बायकोचा देह सरकायचा. मुलगी रडून रडून पुढच्या सीटवर पडली होती. गाव येईपर्यंत अण्णांनी एकट्याने बायकोचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

पूर्वी मंडळाचा एक माणूस मयताच्या डोक्याशी बसून गावापर्यंत जायचा. माणसं मिळेनात तेव्हा आम्हीच ते बंद केलं. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. गाडी गेली म्हणजे मंडळ गेलं, असं आम्ही धरून चाललो. इतकं की नंतर द्वारदर्शनाला, घरच्यांचं सांत्वन करायलाही कोणी फिरकलं नाही. त्या घराचा उंबरा मी पहिल्यांदा चढलो तो हात पसरायला. लाज वाटली. अण्णांकडे बघवेना.

घरी येऊन यादी पुन्हा वाचली. आटलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरचं कोणी ना कोणी आमच्या गाडीतून असंच एकटं गेलं होतं. मग पत्रं बंद केली. एकेका दारी जाऊन नुसता बसलो, उशिरा का होईना. काहींनी तोंडावर दार लावलं. काही जण बोलले, रडले, आणि महिन्याभराने आपणहून मंडळात आले. अण्णा सगळ्यात शेवटी आले. इंजिनाचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि एकच अट घातली.

"मी जासू तवय मन्हा डोकाजोडे तुम्हीच बसा."

हो, तुमच्या डोक्याशी मीच बसेन, असं मी म्हटलं.

गाडी सुरू झाली. चार महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले. तुम्ही येताय ना? त्यांनी सांगून ठेवलंय."

त्या दिवशी माझ्या नातीला हळद लागली होती. हळदीच्या घरातलं माणूस मयताला जात नाही. व्याही काय म्हणतील, असं बायको म्हणाली, आणि मी एका शब्दाने भांडलो नाही. गाडी निघाली आहे, ड्रायव्हर चांगला आहे, असं मुलीला सांगून फोन ठेवला. एरवी असल्या रीतींना मी नावं ठेवतो. त्या दिवशी ती सोयीची होती.

लग्न उरकल्यावर मी अण्णांच्या दारी गेलो. चपला काढत होतो तेवढ्यात मुलगी आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. ते तिने दारातच माझ्या हातात दिलं.

"मंडळासाठी आहे. बसायची काही गरज नाही, काका."