सकाळची सावली

आमची आत्या लांबूनच गाईंचे श्वास मोजते. कूस एकदा वर-खाली झाली की एक. कमरेला पट्टा तुटलेलं घड्याळ खोचलेलं असतं, त्यावर मिनिटभर बघून आकडा सांगते. चाळीस असला तर "ठीक". सत्तर असला तर "पाणी पाजा". त्याच्या वर गेला की बोलत नाही, उठते.

चाळीस वर्षं झाली तिला या कुरणात. लग्न करून गेली होती, दोन वर्षांत परत आली. कुणी का विचारलं तर म्हणते, "तिकडच्या गाई माझं ऐकत नव्हत्या." गाई म्हणजे नक्की कोण, हे विचारायची कुणाची छाती नाही.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ, मोजणीदार. जन्मभर लोकांचे बांध मोजले. निवृत्त झाले आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. कुरणाचे दोन भाग करायचे, एकात गाई चारायच्या, दुसऱ्यात गवत वाढू द्यायचं. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोलू! मधोमध सात जुनी झाडं ओळीत. ती गाईंच्या बाजूला घ्यायची ठरलं. बाबा सकाळी नऊला टेप घेऊन गेले, सावली पडली होती तिथे चुन्याच्या फक्कीने रेघ मारली आणि झाडांच्या मागून, खोडांना खेटून, चारपदरी तार ओढून घेतली. फाटक पार टोकाला. आत्या तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात होती, म्हणून हे निभावलं.

ती काळा चष्मा लावून परत आली त्याच दुपारी, तीनच्या सुमाराला, मी तिला हाताला धरून कुरणात नेलं. सगळ्या गाई तारेला चिकटून उभ्या. आणि सातही झाडांची गार, दाट सावली तारेच्या पलीकडे, जिथे एकही गाय नव्हती! पुढे तांबू, आठ महिन्यांची गाभण. मान ताणलेली, जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार.

"मोज," आत्या म्हणाली. "मला अंधुक दिसतंय."

मी मोजले. एकशे बारा.

"फाटकातून फिरवून आणू तिला?"

"तीनशे पावलं हाकतेस या उन्हात? वाटेतच आडवी होईल, वासरासकट जाईल. पक्कड आण!"

पक्कड घेऊन मी पळत आले, तर बाबा माझ्यामागे. "ताई, अगं कालच ताणलीय तार!"

आत्याने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना त्या पांढऱ्या रेघेवर नेऊन उभं केलं. "ही तुझी सावली ना? मग बस हिच्यात."

बाबांचं टक्कल तापलं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग तारेपलीकडे. "मी सकाळी..."

"सकाळचं ऊन कधी कुणाला मारतं का रे? मोजणीदार म्हणे!"

बाबांनी माझ्या हातातली पक्कड घेतली आणि चारही पदर स्वतःच तोडले. कुणी गाईंना हाकललं नाही. आत्याने पाण्याची बादली सावलीत ठेवली, तांबू सहा पावलं चालून आली. मग आम्ही हौदावरून बादल्या आणून तिच्या मानेवर, पायांवर ओतत राहिलो. बाबांची इस्त्रीची विजार चिखलाने माखली. मी मोठ्याने आकडे सांगत होते. शंभर. सत्त्याण्णव. मग बराच वेळ सत्त्याण्णवच. आत्या माझा खांदा धरून प्रत्येक आकडा दोनदा सांगायला लावत होती. मला वाटायचं हिला भीती माहीतच नाही.

शहाऐंशी. बहात्तर. पाचच्या सुमाराला छप्पन्न.

आत्या पुढे झाली, तांबूच्या उजव्या कुशीवर तळहात टेकवून उभी राहिली. मग बाबांचा हात ओढून तिथेच ठेवला.

"लागतंय काही?"

आतून एक लाथ बसली तसा त्यांनी हात मागे घेतला, आणि लगेच परत ठेवला. डोळे भरून आले होते.

"ताई," ते म्हणाले, "उद्या तीन वाजता फक्की घेऊन येतो. तू फक्त बोट दाखव."