मेलेल्या बायकोने सांगितलेला कवी

२० ऑक्टोबर २००७. मी आवारातली पानं पिशव्यांत भरत होते. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, पहिल्या बर्फाच्या आत हे काम उरकावंच लागतं. शेजारचा अभय आला आणि म्हणाला, आईचं पुस्तक वर्षश्राद्धापर्यंत काढायचंय, प्रकाशकांना फाइल पाठवा. त्यांना हवे ते बदल करायला त्याने होकारही दिला होता.

त्याची आई म्हणजे सुमतीमावशी. नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या. पहिल्या भेटीत चहा विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "देवाशी शेवटची कधी भांडलीस?" मी म्हटलं, वेळ मिळत नाही. "मग टायपिंगला तरी काढ." तेव्हापासून दर शनिवारी त्या आपलं हस्तलिखित वाचायच्या आणि मी टाइप करायची.

पुस्तक म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज पाद्र्याचं चरित्र. देवाच्या अंगावर धावून जाणारा मोठा कवी. पण पुस्तकभर बोलते ती त्याची बायको, पोरांमागून पोरं होऊन बाळंतपणात गेलेली. सुरुवात तिच्या मरणापासून, शेवट त्यांच्या चोरून केलेल्या लग्नात. "जन्मापासून काय सुरू करायचं? जन्म सगळ्यांचे सारखेच," मावशी म्हणायच्या.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना वाचनाला पंधरा मिनिटं मिळाली. अध्यक्ष जोशी चुळबुळत म्हणाले, मावशी, गणपतीत पाद्री कशाला, आपल्या एखाद्या संतावर बोला ना.

"अहो जोशी, व्हिसा तुम्हा-आम्हाला लागतो. देवाशी भांडणाऱ्याला लागत नाही."

आणि वाचलंच. बायको नवऱ्याला विचारते, चांगले शब्द सगळे देवाला, मग मला उरलेसुरले का? जेवणाची रांग लागली होती, तरी मागच्या बायका खुर्च्यांवरून उठल्या नाहीत.

प्रकाशकांना मात्र बायको नको होती. कवीचं सरळ चरित्र द्या, लगेच छापतो, असं त्यांनी कळवलं. मावशींचं हृदय तोवर थकलं होतं. अभय म्हणाला, आई, थोडं ॲडजस्ट कर ना, तुझ्या डोळ्यांदेखत पुस्तक तरी येईल.

"तिचं तोंड बंद करून माझं नाव छापायचं? नको मला."

त्या हिवाळ्यात मावशी गेल्या.

म्हणून त्या दिवशी आवारात मी अभयला सांगितलं, फाइल मिळणार नाही.

"ताई, आई माझी होती."

"होती. आणि तुझ्यासमोरच नको म्हणाली. तू वाचलंयस का ते?"

 तो पिशवीकडे बघत म्हणाला, असलं पुस्तक छापणार तरी कोण?  मी पिशवीचं तोंड बांधलं आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉपीच्या दुकानात जाऊन सगळं पुस्तक जसंच्या तसं छापून, बांधून घेतलं. अभयची बेल वाजवली, प्रत त्याच्या हातात दिली आणि त्याचं पहिलं पान वाचून होईपर्यंत दारातून हलले नाही.