दादाची म्हैस

आमच्या घरात दूध तापवायचं ते फक्त चहासाठी. प्यायचं दूध वेगळं. ते म्हशीच्या आचळातून थेट तांब्यात, फेसासकट, आणि तिथंच उभ्यानं घटाघटा. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धंदाच तो. सकाळ-संध्याकाळ म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून त्याच्या हातात ग्लास द्यायचा. कोल्हापुरात आजही लोक असं दूध पितात आणि वर मलाच सांगतात, ताकद येते. मी बोलत नाही. बोलले की भांडण होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, म्हशींच्या मागं कधी लागला नाही. तो इंजिनाच्या कारखान्यात लेथवर होता. अंगानं काटक, कधी आजारी पडलेला मला आठवत नाही. एका पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या पोटात दुखायला लागलं. जेवला की दुखायचं, मधूनच उलटी व्हायची, संध्याकाळी अंग कोमट लागायचं. बघता बघता पँट कमरेवर ठरेना. आई म्हणायची कारखान्याचा धूर बाधला, आबा म्हणायचे हॉटेलातली मिसळ. गल्लीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, अल्सर आहे, तिखट बंद करा, थोड्या थोड्या वेळानं दूध घ्या.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. तेव्हा अल्सरला सगळेच दूध सांगायचे. पण त्यांच्या डोक्यातलं दूध तापवून गार केलेलं, आणि आमच्या घरात दूध म्हणजे कच्चंच. आबांना तर आनंद झाला, औषध आपल्या गोठ्यातच उभं म्हणून. सगळ्यात घट्ट दुधाची म्हैस त्यांनी वेगळी काढली. "हिचं दूध इकायचं न्हाय. ही पोराची," असं आईला बजावलं. आम्ही तिला दादाची म्हैस म्हणायला लागलो. ती अधूनमधून खोकायची. कडब्याची धूळ असेल, दुसरं काय, असं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

दादा ओकायचा आणि आबा परत तांब्या भरून आणायचे. "पी की. पोटात गेलं न्हाय तर अंगाला लागंल कसं?" दादा तोंड वाकडं करायचा, पण प्यायचा. बापापुढं नाही म्हणायची आमच्यात रीत नव्हती. आग लागो त्या रीतीला.

एका सकाळी कारखान्याला निघताना त्यानं तांब्या रिकामा केला, सायकलला हात घातला आणि तिथंच गुडघ्यांवर बसला. ओरडलाही नाही. पोट दोन्ही हातांनी आवळून तो नुसता आईकडं बघत राहिला. आईनं हात लावून बघितलं तर पोट पाटासारखं कडक. टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले होते. लगोलग त्याला ऑपरेशनला घेतलं.

सर्जन बाहेर आले ते आबांच्या शेजारी बाकावरच बसले. जठराला भोक पडलंय, म्हणाले. आतलं सगळं पोटभर पसरलं होतं, दूधच दूध होतं, ते धुऊन काढलं. भोक शिवलंय, पण नेहमीच्या अल्सरचं वाटत नाही. कडा कुजलेल्या, भोवती गाठी. एक तुकडा तपासायला पाठवलाय. दूध धुऊन काढलं म्हटल्यावर आईनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तपासणीत क्षय निघाला. क्षय म्हणजे छातीचा, खोकला आणि रक्त, एवढंच आम्हाला ठाऊक. सर्जन म्हणाले, तो आतड्याला होतो, हाडाला होतो, जठराला मात्र फार क्वचित. तिथल्या आंबट रसात हे जंतू सहसा तगत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला आहे? कच्चं दूध पिता का?"

खोकला कुणालाच नव्हता. दुसऱ्या प्रश्नावर आबा ताठ झाले. "एकदम धारोष्ण, डॉक्टरसाहेब. पाण्याचा थेंब न्हाय. पोरांना तापवलेलं दूध कधी दिलंच न्हाय आम्ही."

सर्जननी तपासणीचा कागद मिटला. मग हळूच म्हणाले, "म्हशीलाही क्षय होतो. दुधातून माणसाला येऊ शकतो. त्यातूनच आला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण जनावरं तपासून घ्या." आबांचा तेव्हाचा चेहरा मला विसरता येत नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

क्षयाची इंजेक्शनं सुरू झाली. पण शिवलेली जागा धरेना. टाक्यांतून पाझरायला लागलं, ताप चढला. आबा खाटेच्या पायथ्याशी बसून असायचे, उशाशी यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. एकदा दादानंच त्यांना जवळ बोलावलं. "तुमी काय जाणूनबुजून दिलंसा व्हय?" एवढंच बोलला. आबा व्हरांड्यात जाऊन लहान पोरासारखे रडले. दिवाळीच्या आधी दादा गेला.

पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी प्रत्येक म्हशीच्या मानेला तपासणीची सुई टोचली; क्षय असेल तर तिथं सूज येते, म्हणाले. सूज आली ती एकीच्याच मानेवर. कुठल्या, ते सांगायला नको. हिचं दूध कुणालाही देऊ नका, ओतून टाका, असं ते सांगून गेले. पण म्हैस भर दुधात होती. पिळली नाही तर कास तटतटायची आणि ती हंबरत राहायची. आबांना तिच्याखाली बसवेना. मग आई बसायला लागली. तोंडाला पदर बांधून सकाळ-संध्याकाळ धार काढायची आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात दूध ओतून वर चुना टाकायची.

बाजारातला एक व्यापारी येऊन म्हैस बघून गेला. "दिसायला झकास हाय. कुणाला काय कळतंय?" म्हणाला. आबा होय म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. गोठ्यात जाऊन मी आईला म्हटलं, "इकून टाक की ती. हिच्याखाली रोज बसवतंय तरी कसं तुला? मला तर तोंड बघवत न्हाय तिचं."

आईनं धार थांबवली नाही.

"इकली तर कुणाच्या तरी गोठ्यात जाणार," ती म्हणाली. "त्या घरात बी पोरगं असंल."

मग तिनं बादली उचलली आणि खड्ड्याकडं गेली.