पदराखालचं पिस्तूल

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही एकांकिका करायचं ठरवलं. तोक्योत आमच्यासारखी मराठी कुटुंबं तेव्हा दर महिन्याला वाढत होती. कुणी पुण्याहून, कुणी ठाण्याहून, बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले आणि काही बँकांतून बदलीवर आलेले. एकांकिका माझ्या नवऱ्याने लिहिली होती. लग्नाच्या मांडवात दागिने चोरणारा एक इसम आणि त्याच्या मागावर असलेली, करवलीच्या वेशातली पोलीस इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर मी. शेवटी मी पदराखालून पिस्तूल काढते आणि चोर शरण येतो, असा सगळा मामला.

चोराचं काम एका बँकेतले मोठे साहेब करत होते. अंगाने भारदस्त, आवाज खणखणीत. त्यांनीच शंभर येनच्या दुकानातून पिस्तूल आणलं. हिरवंगार, पारदर्शक, पाणी उडवायचं.

तालमीला त्या दिवशी माझे बाबा आले होते. आई माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी पुण्यात अडकली होती, म्हणून बाबा एकटेच आमच्याकडे आले होते. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती. नोकरीतला बराच काळ त्यांनी साध्या वेशात काढला होता. तोयोसुच्या आमच्या उंच इमारतीत त्यांचा वेळ जाता जात नव्हता. सकाळी खाडीकाठी फिरून यायचे, मग खिडकीत उभे राहून क्रेन बघायचे. तालमीत मी ते हिरवं पिस्तूल कमरेतून ओढून काढलं तेव्हा सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

घरी येताना ते म्हणाले, "नाटक विनोदी आहे ना?"

"हो."

"मग विनोद लोकांच्या बोलण्यात असू दे. इन्स्पेक्टरच्या हातात नको."

एवढंच बोलले. पण मला कळलं की त्यांना लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टीममधल्या एका जपानी सहकाऱ्याला विचारलं, की नाटकासाठी खरं वाटेल असं खोटं पिस्तूल कुठे मिळेल. हा माणूस मीटिंगमध्ये आपणहून एक वाक्य बोलायचा नाही. माझा प्रश्न ऐकून त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सुरू झाला. जपानमध्ये खरी पिस्तुलं सामान्य माणसाला मिळतच नाहीत, म्हणून प्लास्टिकच्या छर्‍यांच्या एअरगन बनतात. दिसायला हुबेहूब. तो स्वतः दर महिन्याला एका रविवारी चिबाच्या रानात त्या घेऊन मित्रांबरोबर लुटुपुटीची लढाई खेळायला जातो. सुट्टी संपली तरी तो बोलत होता. शेवटी म्हणाला, "शनिवारी मी दुकान दाखवतो. वडिलांनाही आणा."

उएनोच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर ते दुकान होतं. आत शिरल्यावर बाबा दारातच थांबले. चारी भिंतींवर काचेच्या कपाटांत बंदुका आणि पिस्तुलं ओळीने मांडलेली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, लावला, आणि पहिल्या कपाटापासून एकेक बघायला लागले. मार्केट यार्डात आंब्याच्या पेट्या बघतात तसे.

सगळ्यात आधी त्यांनी एक मोठं रिव्हॉल्व्हर मागून घेतलं. त्यांच्याकडे नोकरीच्या सुरुवातीला असायचं, तसंच. हातात घेतल्यावर चेहरा असा खुलला की मला वाटलं आता हेच घेऊन जाणार. दुकानदार, माझा सहकारी आणि मी, तिघेही वाट बघत उभे. बाबांनी ते दोन-तीनदा तोललं आणि परत दिलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण हे मिरवायचं. तुला लपवायचंय."

मग त्यांनी दुकानदाराला माझ्यामार्फत सांगितलं की लहान दाखवा. दुकानदार पन्नाशीचा, हसतमुख, एप्रन लावलेला. त्याने काउंटरवर निळं कापड अंथरून त्यावर पाच-सहा लहान पिस्तुलं ठेवली. मी सगळ्यात छोटं उचललं. तळहातात मावणारं, गोंडस.

"हे बघा, कुठेही लपेल."

"हातात धर. करंगळी कुठे गेली?"

करंगळी अधांतरी लोंबत होती. अनामिकाही अर्धीच टेकली होती.

"दोन बोटांत धरून कुणाला भीती दाखवशील? चोर म्हणेल, बाई, लायटर का काढताय." ते पिस्तूल त्यांनी बाजूला ठेवलं. "लोकांना वाटतं लांब नळी लपवायला कठीण. नळी कमरेच्या खाली जाते, ती कोण बघतंय? दिसते ती मूठ. मूठ लांब असली की शर्ट मागून उचलला जातो. आणि जाडी. जाड पिस्तूल दिवसभर बरगडीत टोचतं. म्हणून चपटं बघायचं, मूठ तीन बोटं बसतील एवढी, आणि मागे घोडा बाहेर आलेला नको. कपड्यात अडकतो."

मी हे मोडक्यातोडक्या जपानीत सांगत होते. माझा सहकारी मान डोलवत होता आणि दुकानदार नको ती पिस्तुलं एकेक करून कपाटात परत ठेवत होता. शेवटी निळ्या कापडावर दोनच राहिली.

"आता कमरेला लाव," बाबा म्हणाले. "आणि खुर्चीवर बस."

"इथे?"

"उभ्याने सगळीच बरी वाटतात. बसल्यावर कळतं."

मी जीन्समध्ये होते. दुकानदाराने होल्स्टर, म्हणजे पिस्तूल खोचायची खोळ, आणि पट्टा दिला. मी बसले, उठले, खाली वाकून बुटाची लेस बांधल्यासारखं केलं. पहिलं पिस्तूल बसताना पोटात रुतलं. दुसरं रुतलं नाही. चपटं, काळं, कडा गोल केलेल्या. बाबा माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हे."

आणि मग सहज, पट्टा सोडवायला मला मदत करता करता, म्हणाले, "तू लहान असताना मी असंच उजव्या कमरेला लावायचो. तुझं नाकच तिथे यायचं. म्हणून तुला कायम डाव्या बाजूला घ्यायचो."

लहानपणी त्यांच्या उजव्या बाजूला बसलं की ते मला उचलून डावीकडे ठेवायचे. जत्रेत, बसमध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात. मी समजून होते की त्यांचा उजवा खांदा दुखतो. आईनेही कधी काही सांगितलं नव्हतं.

"स्नेहसंमेलनातसुद्धा?" मी विचारलं.

"ड्यूटीवरूनच यायचो ना. तुझा नाच बघायचो आणि परत जायचो."

माझ्या सहकाऱ्याने विचारलं, वडील काय म्हणाले? मी सांगितलं. त्याने ते दुकानदाराला नीट जपानीत सांगितलं. दुकानदाराने होल्स्टर आमच्याकडून पैसे न घेता पिशवीत टाकलं. पिशवी देताना त्याने दोनदा बजावलं, की रस्त्यात किंवा गाडीत हे डब्याबाहेर काढू नका. बाबांनी मान डोलावली. परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन ते ताठ बसले होते, सोनं आणल्यासारखे.

मग घरी माझं शिक्षण सुरू झालं. ऑफिसातून आले की साडी नेसायची. पहिल्याच दिवशी मी होल्स्टर परकराच्या नाडीत खोचलं आणि दोन पावलांत परकर एका बाजूने खाली आला. नवऱ्याला हसू आवरेना.

"जावईबापू, हसू नका, तुमचा पट्टा द्या," बाबा म्हणाले. "वजन नाडीवर टाकायचं नसतं."

नवऱ्याचा ऑफिसचा पट्टा परकरावरून आवळला, वरून साडी. पदर पिन न लावता डाव्या हातावरून मोकळा सोडला. त्याखाली डाव्या कमरेला पिस्तूल, मूठ पुढे केलेली. डाव्या हाताने पदर बाजूला सारायचा आणि उजवा हात आडवा नेऊन काढायचं. बोट चापावर नाही, बाजूला सरळ. पहिल्या आठवड्यात मी पिस्तुलाऐवजी बऱ्याचदा पदरच उपसून काढला.

बाबांना मात्र दुसरंच खटकत होतं. "सारखा हात तिकडे नेऊ नकोस. मी माणसं अशीच ओळखायचो. ज्याच्याजवळ हत्यार असतं त्याचा हात दर दोन मिनिटांनी ते जागेवर आहे ना, हे बघतो. तुझ्याजवळ काही नाहीच, असं समजून चहा कर."

म्हणून मी कमरेला पिस्तूल लावून चहा केला, भाजी चिरली, आईशी फोनवर बोलले.

एका शनिवारी संध्याकाळी मी खोलीच्या मधोमध उभी राहून खिडकीच्या दिशेने पिस्तूल रोखत होते, कारण तिथे पडद्याला माझ्या नवऱ्याचा टी-शर्ट लटकवला होता. तो चोर. पडदा उघडा होता हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. समोरच्या इमारतीतल्या कुणाला तरी साडीतली बाई बंदूक रोखताना दिसली असणार. थोड्या वेळाने बेल वाजली आणि दारात दोन पोलीस. एक प्रौढ, एक तरुण. माफी मागत, अतिशय सभ्यपणे विचारत, की आत येऊ का.

व्हिसा, नोकरी, सगळं डोळ्यासमोर आलं. जपानी शब्द आठवेनात. मी "नाटक, नाटक" एवढंच म्हणत राहिले. पोलिसांनी बूट काढले, नीट जुळवून ठेवले आणि आत आले.

बाबा लेंगा-बनियनवर होते. ते शांतपणे उठले, माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून छर्‍यांची मॅगझिन काढली, वरचा भाग मागे ओढून आतली पोकळी दाखवली, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. तळहात उघडे, बाजूला.

प्रौढ पोलिसाने पिस्तुलाकडे नंतर पाहिलं. आधी बाबांकडे पाहिलं.

"वडील काय काम करतात?" त्याने मला विचारलं.

"पोलीस. आता निवृत्त."

त्याने टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. त्याच्यामागोमाग तरुणाने. बाबांनी बनियनवरच सॅल्यूट परत केला.

त्यानंतर वातावरणच पालटलं. तरुण पोलिसाने आमची ओळखपत्रं तपासली, बाबांचा पासपोर्ट पाहिला, प्लास्टिकचं पिस्तूल हातात घेऊन हसला. नवऱ्याने नाटकाचं बाड आणून दाखवलं, जणू त्यांना मराठी वाचता येत होतं. बाबांचं लक्ष प्रौढ पोलिसाच्या कमरेकडे होतं. तिथल्या रिव्हॉल्व्हरला एक दोरी बांधली होती.

"आमच्याकडेही असते दोरी," बाबांनी सांगायला लावलं. "पळताना पडू नये म्हणून."

"पडतं का?" त्याने विचारलं.

"माझं एकदा पडलं होतं. साध्या वेशात दोरी नसते ना."

मी भाषांतर केलं आणि तो माणूस मोकळेपणाने हसला. जाताना त्याने एवढंच सांगितलं, की तालीम करा, पण पडदे लावून. दार लागल्यावर बाबा सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "बनियनवर सॅल्यूट केला मी. नोकरीत असतो तर मेमो मिळाला असता."

नवं पिस्तूल नाटकाच्या दिवसापर्यंत कुणालाही दाखवायचं नाही, अशी बाबांची अट होती. तालमींना मी हिरवंच वापरलं. कार्यक्रम वॉर्डाच्या सभागृहात होता. फराळाचे डबे मागच्या टेबलांवर, मुलं पुढे सतरंजीवर. मी अर्धा तास रंगमंचावर होते. अक्षता वाटल्या, उखाणा घेतला, खाली वाकून पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं. बाबा पहिल्या रांगेत बसून फक्त माझ्या डाव्या कमरेकडे बघत होते. माझा हात एकदाही तिकडे गेला नाही.

शेवटचा प्रसंग आला. चोर दागिन्यांची पिशवी घेऊन वळला, मी पदर सारला आणि पिस्तूल काढलं. अडकलं नाही, डगमगलं नाही. बँकेच्या साहेबांच्या डोळ्यांपुढे हिरव्याऐवजी ते काळं पिस्तूल आलं आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. पिशवी पडली. त्यांचं पाठ केलेलं लांबलचक स्वगत होतं, कबुलीजबाबाचं. त्यातला एक शब्द त्यांना आठवेना.

मी वाट पाहिली. मग म्हणाले, "तूच चोरलेस ना दागिने?"

"हो," साहेब म्हणाले. "सगळे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वगत गेलं म्हणून नवरा थोडा खट्टू झाला, पण सगळे म्हणाले की साहेबांचं ते "हो, सगळे" नाटकातलं सर्वोत्तम वाक्य होतं. बाबा रंगमंचामागे आले. मला वाटलं काही तरी बोलतील. त्यांनी आधी पिस्तूल मागून घेतलं, मॅगझिन काढून खिशात टाकली आणि मग माझ्या पाठीवर थाप मारली.

प्रेक्षकांत माझा सहकारीही आला होता. भाषा कळत नसूनही शेवटपर्यंत बसला. त्याने बाबांना पुढच्या रविवारी चिबाला यायचं आमंत्रण दिलं. मी नको म्हणत होते, वयाचा विचार करा. बाबांनी वाकून, अगदी जपानी पद्धतीने आभार मानले.

त्या रविवारी मीही गेले, जेवणाचा डबा घेऊन. कुणी तरी त्यांना हिरवट ठिपक्यांचे कपडे दिले, डोळ्यांवर मोठा चष्मा. हातात आमचं तेच चपटं पिस्तूल. इतरांकडे लांब रायफली होत्या. बाबा एका झाडामागे बसून राहिले, हलले नाहीत. विरुद्ध गटातले तिघे जण त्यांच्या शेजारून बेफिकीर चालत गेले आणि तिघांनाही छर्रे लागले.

त्या खेळात पंच नसतो. ज्याला छर्रा लागतो तो स्वतःच "हित्तो", म्हणजे 'लागला', असं ओरडतो, हात वर करतो आणि बाहेर जाऊन बसतो. छर्रा इतका लहान, की लागला हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही. मी हे बाबांना जेवताना समजावून सांगितलं. पोळीचा घास त्यांच्या हातात तसाच राहिला.

"म्हणजे कुणी विचारत नाही? आपणहून सांगतात?"

"आपणहून."

त्यांनी पलीकडे गवतावर बसलेल्या त्या तिघांकडे पाहिलं. तिघेही ओनिगिरी, ते भाताचे गोळे, खात होते. "अख्खी नोकरी झाली माझी," बाबा म्हणाले, "एकाने आपणहून कबूल केलं नाही. आणि इथे हात वर करून ओरडतात."

मग डब्यातले उरलेले बेसनाचे लाडू घेऊन ते उठले आणि त्या तिघांना एकेक देऊन आले.