वादी ओळखीचा नाही

नागपंचमीनंतरचा शनिवार. सकाळी साडेदहाला तालुका न्यायालयातील लोकअदालतीत माझ्या दाव्याचा पुकारा झाला. मी टेबलासमोरच्या खुर्चीवर बसलो होतो. मागून आवाज आला.

"ऊठ रं पाथरवटा. खुर्ची मोडशील."

मी उठलो.

आवाज बागायतदार आबासाहेबांचा. माझा दावा त्यांच्यावरच. वय माझ्या मुलाएवढे. ते खुर्चीवर बसले, मी भिंतीशी उभा राहिलो. डोक्यावरची टोपी हातात कधी आली, कळले नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "ह्यो वादी व्हय? मला वाटलं गडी हाय त्यांचा." हशा पिकला.

मला कोणी हाताला धरून उठवले नव्हते. माझे गुडघे मला न विचारता उठले. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. ही लाज माझी आहे.

आबासाहेबांच्या मंगल कार्यालयाचा दगडी चौथरा आणि कुंपणाची भिंत मी व माझ्या गड्यांनी बांधली. काम ठरले ते त्यांच्या पायरीखाली उभ्याने. बागायतदाराकडे लेखी मागणे म्हणजे त्याच्या शब्दाचा अपमान, असे आमच्या धंद्यात मानत आले. वडिलांनी मागितले नाही. मीही मागितले नाही. कार्यालयात लग्ने लागू लागली. मजुरी मात्र मिळाली नाही. गड्यांचे पैसे मी म्हैस विकून भागवले.

तीन वर्षे उलटली की असला दावा न्यायालय ऐकत नाही, हे मला तिसरे वर्ष सरत आले तेव्हा समजले. विधी सेवा समितीने बिनपैशाच्या वकीलबाई दिल्या. बाईंनी नोटीस धाडली, मग दावा दाखल केला. आबासाहेबांचे लेखी उत्तर आले. बाईंनी ते वाचून दाखवले : वादी आमच्या ओळखीचा नाही. त्यास कोणतेही काम दिलेले नव्हते.

टेबलापलीकडे निवृत्त न्यायाधीश होते. बोलणे मऊ. म्हणाले, "आजोबा, निम्म्यावर मिटवा. आज सही, आजच निवाडा. त्यावर अपील नाही, हेलपाटे नाहीत."

आबासाहेब हसले. "देतो की साहेब. धरम म्हणून देतो. म्हातारा हाय, औषधाला व्हतील."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. पेन पुढे आले. मी ते घेतले नाही.

"साहेब," मी म्हणालो, "कागदावर ह्यांनी मला वळखत न्हाई म्हणून लिवलंय. मग आत्ता धंदा सांगून उठवलं कसं?"

बाकावरचे हसू थांबले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "खरं आहे. पण इथलं बोलणं पुराव्यात धरता येत नाही, आजोबा. तडजोड झाली नाही, तर दावा पुन्हा नेहमीच्या कोर्टात जाईल. साक्षीदार लागतील. वेळ जाईल."

"जाऊ दे."

"मरशील रं तोवर," आबासाहेब म्हणाले.

"मेलो तर माझ्या जागी पोरगं हुबं ऱ्हाईल. बाईंनी सांगितलंय तसं. धरम नगं. मजुरी हाय माझी."

तडजोड झाली नाही, असा शेरा पडला. पुढची तारीख मिळाली. लाज तिथे गळून पडली, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. बोललो ते सारे उभ्यानेच. शेजारची दुसरी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसण्याचे धैर्य मला झाले नाही.

पैसे मिळतील की नाही, ठाऊक नाही. मात्र ती भिंत कोणी बांधली, हे न्यायालयाच्या निकालात लिहून घेतल्याशिवाय मी थांबणार नाही. त्याआधी कोणत्याही तडजोडीवर माझी सही होणार नाही.

दुपारी मी हसन मिस्त्रीकडे गेलो. त्याच कार्यालयाच्या फरशा त्याने बसवल्या होत्या. तो अंगणात हात धूत होता.

"आवं काका, डोळ्यानं बघितलंय की मी. सांगतो कोर्टात," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "पर समन्स धाडा. त्यांच्या भावाच्या बंगल्याचं काम चालू हाय माझं. कोर्टानं बोलावलं म्हणून गेलो, एवढं तरी म्हणता यील."

"काम जाईल तुझं."

"जाईल की. बसा, च्या घ्या."

चहा झाला. मग तिथूनच वकीलबाईंना फोन लावला आणि समन्ससाठी हसन मिस्त्रीचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता सावकाश सांगितला.