लोआनने घेतलेली मुलाखत

लोआन त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय पत्रकारिता शिकायला निघाली, तेव्हा तिचा नवरा चिन-शेंग त्यांच्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांदेखतच म्हणाला, "चांगह्वा शहरातल्या सगळ्या बातम्या तुला आधीच ठाऊक असतात. त्याला पदवी कशाला हवी?" पण कॉलेज सुरू झालं त्या सकाळी कांदापात चिरायला तो स्वतःच बसला.

विसाव्या वर्षी लग्न करून ती व्हिएतनामहून तैवानात आली होती. मेकाँगच्या मुखाजवळचं तिचं गाव इथल्या पेपरात एकदाच आलं, तेही पुराच्या तीन ओळींत आणि नाव चुकवून. ते तिला फार लागलं होतं. मुलगी पेइ-शान बारावीत गेली आणि लोआनने अर्ज भरला. आता माय-लेकी एकाच टेबलावर अभ्यासाला बसत. चिनी अक्षरांतल्या आईच्या चुका दाखवताना पेइ-शानला मास्तरणीचा रुबाब करायला भारी आवडे.

दुसऱ्या सत्रात तिच्या प्राध्यापिका श्यूबाईंनी परदेशातल्या कुणाची तरी मुलाखत घ्यायला सांगितली. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, समोरच्याचं उत्तर आपण पुरवायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं. लोआनने विषय घेतला शेतांत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचा, आणि बोलणार होती तिची स्वतःची आई. श्यूबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, चालेल, पण नातं काय ते लेखात लपवायचं नाही.

ठरल्या दुपारी लोआनने व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी ठेवणीतला जांभळा ब्लाउज घालून तयार होती. लोआन म्हणाली, "मा, आज मी तुझी मुलगी नाही. बातमीदार आहे."

म्हातारी आधी हसली. मग पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, "विचारा, बाई."

आणि परक्या बाईला सांगावं तसं ती सांगत गेली. उन्हाळ्यात नदी खारट होते. नारळ सुपारीएवढे होऊन गळतात. पावसाचं पाणी साठवायचे रांजण लवकर तळाला जातात, मग गोडं पाणी विकत घ्यावं लागतं, आणि होडीवरून घरापर्यंत कॅन तिलाच वाहून आणावे लागतात. लोआन ऐकतच राहिली. इतकी वर्षं फोनवर 'सगळं ठीक आहे' यापलीकडे आई काही बोलली नव्हती. दोनदा लोआनच्या ओठांवर शब्द आले, दोनदा तिने ते गिळले.

म्हातारीच शेवटी म्हणाली, "एक करा, बाई. माझी मुलगी तैवानात असते. तिला यातलं काही सांगू नका."

लोआनने विचारलं, "का नको?"

"एक पिशवी घेऊन गेली हो पोर. परक्या घरात तिला काय कमी घोर असतील? त्यात माझा कशाला?"

लोआनने प्रश्नांची वही मिटली. मग म्हातारीच त्या जांभळ्या ब्लाउजच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली, "झालं का गं तुझं? फोन चार्जिंगला लावायचाय."

हे छापावं की नाही, लोआनने श्यूबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, जिचे शब्द तिलाच विचार. म्हणून तिने आईला फोन करून सगळा लेख तिच्या भाषेत वाचून दाखवला. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छाप. कळायचं ते तुला कळलंच आहे." फक्त रांजण दोन नाहीत, तीन आहेत, तेवढं नीट कर म्हणाली.

लेख पत्रकारिता विभागाच्या अंकात आला, गावाचं नाव बिनचूक. पेइ-शानने तो वाचला आणि एकही चूक न काढता आईच्या गळ्यात पडली.

त्या वर्षी चांद्र नववर्षाला तिघंही लोआनच्या माहेरी गेली. चिन-शेंगने पाण्याचे कॅन उचलायचा हट्ट धरला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची कंबर धरली. सासूने त्याला चटईवर पालथा घातला आणि हिरवं औषधी तेल लावून पाठ चोळत बसली. ती काय बडबडत होती ते त्याला एक अक्षर कळत नव्हतं. लोआन सांगायला लागली तर तो म्हणाला, "असू दे. बोलू दे त्यांना."